गादी आणि मध्यंतरापर्यंतच्या युक्त्या

३ तारीख, मंगळवार

लिहायला बसले तर पेन नव्हतं. पेन शोधताना मामीच्या कपाटात दुर्बीण सापडली. दुर्बिणीतून समोरच्या गच्चीवरचा एक माणूस टोमॅटोच्या रोपाला रागावताना दिसला. तो का रागावतोय ते कळेपर्यंत माझा चहा गार झाला. आता पेन मिळालंय. मुद्द्यावर येते.

मी मामांकडे राहायला आलेय. याआधी फुलांच्या दुकानात होते, त्याआधी बोटीवर तिकिटं फाडत होते, त्याआधी एका चष्मेवाल्याकडे. मी शाळा सोडली की शाळेने मला सोडलं, यावर आईचं आणि माझं अजून एकमत झालेलं नाही. मामी मला भिंगरी म्हणते. "लोकांच्या पायाला भिंगरी असते," ती म्हणते, "आमच्याकडे अख्खी भिंगरीच आलीय."

मामांचं गाद्यांचं दुकान आहे. खाली दुकान, वर घर. दुकानात गाद्या, उशा, लोड, आणि या सगळ्याच्या मागे कुठेतरी ताई. ताई म्हणजे मामांची मुलगी. ती मापं घेते, कारागिरांकडून शिवून घेते, टेम्पोवाल्याशी भांडते, गिऱ्हाइकाचं लहान मूल उशांच्या ढिगात हरवलं तर शोधून देते. मामा दाराशी स्टुलावर बसतात. कुणी काही विचारलं तर सांगतात, "गादी आहे. झोपायची." एवढीच त्यांची जाहिरात.

त्यामुळे गिऱ्हाईक आटलंय. शेजारी सोफ्यांचं दुकान आहे. त्या सोफावाल्याला मधली भिंत पाडून आमचं दुकान आपल्यात घ्यायचंय. मामांनी त्याला सांगून ठेवलंय, महिन्याच्या शेवटच्या शनिवारी या, हो की नाही ते तोंडावर सांगतो. ते 'हो'च म्हणणार हे घरात सगळ्यांना माहीत आहे. ताईने फक्त तेवढी मुदत मागून घेतलीय. तोवर दुकानात गर्दी करून दाखवली तर भिंत राहील आणि दुकान ती चालवील. नाहीतर तिथे कोपऱ्याचे सोफे येतील.

तिने ठरवलंय, दर शुक्रवारी एक पत्रक वाटायचं, त्यात गादीवर एक रंजक लेख. "पण लिहिणार कोण?" ती म्हणाली.

मी म्हटलं, "मी!"

उगीच नाही म्हटलं. माझं त्यात शिक्षण झालंय. इथल्या वाचनालयात 'लेख रंजक कसा करावा' असा वर्ग होता. मी पंखा होता म्हणून आत गेले आणि मध्यंतरापर्यंत बसले. मध्यंतरात रस्त्यावरून एकजण सायकलवर शिडी आडवी धरून चालला होता. तो कोपऱ्यावर वळणार कसा, हे बघायला मी त्याच्या मागे गेले. (वळला नाही.) मग परत जायचं राहून गेलं. पण युक्त्या सगळ्या मध्यंतराआधीच सांगून झाल्या होत्या. नंतर नुसतं आभारप्रदर्शन असणार.

५ तारीख, गुरुवार

पहिला लेख काल लिहिला. 'गादी ही मानवाच्या मूलभूत गरजांपैकी एक होय.' पुढे कापसाचा इतिहास. ताईला वाचायला दिला तर दुसऱ्या परिच्छेदाला तिचं डोकं उशीवर टेकलं.

"झोप आली गं," ती म्हणाली.

"गादीवरचा लेख आहे. झोप यायलाच हवी."

"लोकांना झोप घरी गादीवर यायला हवी, भिंगरे. पत्रक हातात धरून रस्त्यात नव्हे."

म्हणून मग युक्ती क्रमांक एक. वाचनालयात वर्ग घेणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं: जे सांगायचंय त्याच्या बरोबर उलटं लिहून बघा, कल्पना धावत येतात. खरंच आल्या. लेखाचं नाव: 'झोप अजिबात येऊ नये यासाठी खात्रीचे उपाय'. झोपण्यापूर्वी जुन्या भांडणात आपण काय उत्तर द्यायला हवं होतं ते आठवावं. एक पाय पांघरुणाबाहेर ठेवावा आणि त्याला काही होईल का, याचा विचार करावा. नळ नीट बंद केलाय का, हे उठून न बघता नुसतं आठवत राहावं. लिहिताना मी इतकी हसले की मामी वरून विचारायला आली, काय सांडलं?

लगेच छापायला दिला. ताईने वाचला नाही. टेम्पोवाला आला होता.

७ तारीख, शनिवार

गर्दी झाली! चारजण एकदम आले, चौघेही गणवेशात. रात्रपाळीचे रखवालदार.

"लेख कुणी लिहिला?" त्यातला मिशीवाला म्हणाला.

मी पुढे झाले. त्याने माझा हात दोन्ही हातांत धरून हलवला. "आभारी आहे. नोकरी वाचली आमची. काल रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. ते नळाचं तर जबरदस्त आहे."

"गादी बघता का?" ताईने विचारलं.

"नको नको," चौघेही मागे सरकले. "आता कुठे जाग यायला लागलीय."

मामा स्टुलावरून सगळं बघत होते. म्हणाले, "चांगली माणसं आहेत," आणि वर जेवायला गेले.

संध्याकाळी वाचनालयात जाऊन बाईंना पत्रक दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "अगं, उलटं लिहायचं, मग ते परत सुलट करायचं! एकेक उपाय उलटवला की झोप येण्याची युक्ती मिळते. मध्यंतरानंतर हेच तर सांगितलं मी. तू होतीस ना?"

मी म्हटलं, होते. शिडीवाल्याबद्दल बोलले नाही.

१२ तारीख, गुरुवार

मधले दिवस काही घडलं नाही. समोरच्या टोमॅटोला फूल आलंय.

युक्ती क्रमांक दोन. शब्दकोश डोळे मिटून उघडायचा, बोट ठेवायचं, जो शब्द येईल तो आपल्या विषयाला जोडायचा. दोन न जुळणाऱ्या गोष्टी भेटल्या की ठिणगी पडते म्हणे. पहिल्यांदा माझं बोट 'खेकडा'वर पडलं. ताई म्हणाली, गादीत खेकडा नको. दुसऱ्यांदा 'राजीनामा'वर.

ठिणगी पडली की नाही ते माहीत नाही, पण लेख झाला. एक जुनी, दमलेली गादी मालकाला राजीनामा देते: 'आजवर आपण माझ्यावर लोळलात, आता मला मोकळं करा आणि नवी आणा.' मला फार आवडला. पण बाईंनी असंही सांगितलं होतं, की मथळा असा हवा की चालणारा थांबला पाहिजे. म्हणून मथळा केला, 'गादी सोडायची वेळ झाली!' आणि खाली दुकानाचं नाव मोठ्या अक्षरात.

या खेपेला ताईने वाचला. लेख हसत हसत वाचला. मथळा तिने वाचला नाही, कारण तो मी छापखान्यात उभ्याउभ्या सुचवला.

१४ तारीख, शनिवार

मथळ्याला सगळेच थांबले. त्याच्या पुढे कुणी गेलंच नाही.

सकाळी सगळ्यात आधी कोपऱ्यावरचा शिंपी आला, मामांच्या बरोबरीचा. आत येऊन त्याने मामांचा हात धरला. "सोडताय म्हणे गादी. वाईट वाटलं वाचून. पण वेळीच सोडावी माणसाने, ओढून काढायची वेळ येऊ देऊ नये."

मामा म्हणाले, "कोण सोडतंय?"

"छापलंय की तुम्ही!"

मग रांगच लागली. औषधवाल्याने फुलं आणली. निवृत्त मुख्याध्यापकांनी दारातच उभं राहून 'एका पर्वाचा अस्त' या विषयावर बोलायला सुरुवात केली, त्यांना मामीने पाणी देऊन बसवलं. एक बाई विचारत होत्या, गादीवर आता कोण बसणार? मी म्हटलं, ज्याने विकत घेतली तो. त्या म्हणाल्या, "मला वाटलंच, विकली म्हणून."

एक उशीसुद्धा खपली नाही. निरोप द्यायला आलेला माणूस उशी कशी घेईल? बरं दिसत नाही.

आणि दुपारी सोफावाला आला, हातात मापाची फीत. गडी हसतमुख आहे. कुणाशीही बोलताना खांद्यावर हात ठेवतो, जणू माणूस म्हणजे सोफ्याचा हात. "काका, शेवटच्या शनिवारपर्यंत थांबणार होतो, पण तुम्ही जाहीरच केलंत तर म्हटलं माप घेऊन टाकू." आणि भिंतीला फीत लावली.

ताई भिंतीसमोर जाऊन उभी राहिली. सोफावाल्याने तिच्या डोक्यावरून फीत न्यायचा प्रयत्न केला, तर ती टाचा उंच करून आणखी उंच झाली.

"शेवटचा शनिवार म्हणजे शेवटचा शनिवार," मामा म्हणाले. सोफावाला फीत गुंडाळत गेला. मामा त्या फुलांकडे बराच वेळ बघत बसले होते. फुलं आवडली असावीत.

संध्याकाळी वाचनालयातल्या बाई म्हणाल्या, "शब्द जोडायचा, कल्पना आली की तो शब्द खोडून टाकायचा. शिडी काढून घ्यायची." शिडीचा उल्लेख त्यांनी मुद्दाम केला का, या विचारात मी घरी आले.

१८ तारीख, बुधवार

ताई माझ्याशी जपून बोलते आहे, उकळत्या दुधाशी बोलावं तसं. म्हणाली, "या खेपेला शब्दांचे खेळ नकोत. साधं आणि खरं लिही."

युक्ती क्रमांक तीन तशीच आहे. वस्तूलाच बोलू द्यावं. शाळेत 'मी फाटकी चप्पल बोलतेय' असे निबंध असायचे, त्यात मला बरे गुण पडत. (एकदा 'मी बाक बोलतोय' लिहिताना बाकाच्या तोंडी आमच्या गणिताच्या मास्तरांबद्दल जे आलं, त्यावरून मी शाळा सोडली. किंवा शाळेने मला.)

तर 'मी गादी बोलतेय'. पण कुठली गादी? दुकानातल्या गाद्यांना अनुभव नाही. म्हणून वर मामा-मामींच्या खोलीत मुलाखत घ्यायला गेले. मामीची बाजू छान दबलेली, वापरातली. मामांची बाजू एकदम कडक, फुगलेली, नव्या नवरीसारखी. टिचकी मारली तर ठणठण वाजेल.

मामी कपड्यांच्या घड्या करत होती. "ते कुठे गादीवर झोपतात? खाली झोपतात, फरशीवर सतरंजी टाकून. लग्नापासून."

"गाद्या विकणारा माणूस फरशीवर?"

"आणि घोरतात असे की फरशीलाच कंप सुटतो."

किती खरी गोष्ट! किती साधी! घोरण्याचं वगळून सगळं लिहिलं. गादी म्हणते, 'ज्यांनी मला आपल्या हातांनी भरलं, शिवलं, त्यांनी एक दिवससुद्धा माझ्यावर पाठ टेकली नाही.' शेवटच्या ओळीला मला स्वतःलाच भरून आलं.

२१ तारीख, शनिवार

आज लिहू नये असं वाटतं, पण मग काय करायचं?

शुक्रवारी दुपारपर्यंत गावभर झालं. "हलवाई स्वतःची मिठाई खात नाही तेव्हा समजावं," असं कुणीतरी दारातून ओरडून गेलं. एकाने गेल्या वर्षी नेलेली गादी रिक्षावर बांधून परत आणली. "तुम्ही फरशीवर झोपता, मग आम्हाला का ही?" मामा म्हणाले, "तुमची मर्जी," आणि गादी उतरवून घेतली. ती इतकी चांगली वापरलेली होती की मधे त्या माणसाचा सबंध आकार होता, पोटासकट.

सोफावाल्याने आपल्या काचेवर पाटी लावली: 'आम्ही आमच्या सोफ्यावर बसतो.'

मी ताईला शोधायला मागे गेले. उशांच्या ढिगामागून आवाज येत होता. वाटलं, मांजर अडकलंय. ताई होती.

"जा तू," ती म्हणाली. "खरंच जा. मदतीला आलीस का सोफावाल्याच्या पगारावर आहेस?"

"मी साधं आणि खरं..."

"बाबा काल जेवले नाहीत. त्या स्टुलावर असे बसलेत, पाहुण्यासारखे. पुढच्या शनिवारी ते हो म्हणतील, आणि मला त्याचं दुःखसुद्धा करता येणार नाही, कारण सगळे म्हणतील, तुझ्याच पत्रकांनी बुडवलं."

मी पिशवी भरली. चष्मेवाल्याकडून निघताना, बोटीवरून निघताना, दर वेळी पिशवी भरताना मला शीळ घालावीशी वाटते. आज वाटली नाही. बहुतेक पित्त झालंय. पिशवी दाराशी ठेवलीय.

जाताना वाचनालयाचं पुस्तक परत द्यायचं होतं, म्हणून आधी तिथे गेले. बाईंनी पत्रक वाचलेलं होतं. ओरडतील वाटलं, पण त्यांनी खुर्ची पुढे सरकवली. "वस्तू बोलली, छान झालं. पण तिचं ऐकून तू उठून आलीस. तिथून तर लेख सुरू होतो. विचार की, का? जे उत्तर येईल त्याला पुन्हा, का? लहान मुलं विचारतात तसं, समोरचा चिडेपर्यंत. चिडला की थांबायचं नाही. चिडला म्हणजे जवळ आलीस."

मी पिशवी परत वर नेली. पुस्तकही द्यायचं राहिलं.

२४ तारीख, मंगळवार

मामा स्टुलावर होते. दुकानात दुसरं कुणी नाही. ताई मागे लोडांना अभ्रे घालत होती.

"मामा, तुम्ही फरशीवर का झोपता?"

"बरं वाटतं."

"का बरं वाटतं?"

"लवकर जाग येते."

"लवकर का यायला हवी?"

"दुकान कोण उघडणार? तुझा आजोबा?"

"मग गादीवर झोपलं तर जाग येत नाही का?"

मामा चिडले. "जा, काहीतरी काम कर. तो पंखा पूस."

मी पंखा पुसायला स्टूल मागितलं. स्टुलावर तेच बसलेले होते, त्यामुळे त्यांना उठून उभं राहावं लागलं, आणि उभ्या माणसाला बोलल्याशिवाय राहवत नाही. म्हणाले, "एकदा झोपलो होतो. तरुण होतो. पहिली गादी सबंध माझ्या हातची, कापूस मीच पिंजलेला. म्हटलं बघू तरी. टेकलो, तो उठलो तेव्हा ऊन डोक्यावर. बाहेर गिऱ्हाइकं ताटकळत उभी, आणि वडील पायरीवर बसलेले. रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, 'दुकान उघडणारा माणूस झोपून चालत नाही.' तेव्हापासून फरशी."

"म्हणजे गादी वाईट आहे म्हणून नाही?"

"वाईट?" मामांचा आवाज असा चढला की समोरचा टोमॅटोवाला गच्चीवरून वाकला. "अगं, इतकी चांगली आहे की माणूस कामातून जातो!"

"मग दुसऱ्या कुणी दुकान उघडलं तर तुम्ही झोपाल?"

"दुसरं आहे कोण?" मामा म्हणाले.

मागे ताईच्या हातून लोड पडला. मोठा आवाज झाला. हल्ली तिच्या हातून वस्तू फार पडतात, डोळे तपासून घ्यायला हवेत. मी ओळखीचा चष्मेवाला सुचवला, तर तिने दुसरा लोड मला फेकून मारला.

२७ तारीख, शुक्रवार

पत्रक गेलं. मथळा: 'आमच्या मालकांना आमची गादी का परवडत नाही'. आत सगळी हकिकत, ऊन डोक्यावर आलं तिथपर्यंत. या खेपेला ताईने मथळ्यासकट दोनदा वाचलं, आणि बाईंनी एकदा. बाईंनी माझ्या कापसाच्या इतिहासावर काट मारली.

छापखान्यात गेल्यावर ताईने पेन मागून घेतलं आणि खाली एक ओळ घातली. 'शनिवारी सकाळी या. मालक स्वतः गादीवर झोपून दाखवतील.'

मामांना ती ओळ छापून झाल्यावर कळली. "मी काय सर्कशीतला वाघ आहे?"

"वाघ झोपला तर लोक पैसे परत मागतात," मामी म्हणाली. "तुम्ही झोपलात तर गादी घेतील. स्वच्छ बनियन काढून ठेवलंय."

"शनिवारी मला त्या माणसाला शब्द द्यायचाय."

"मग द्या की. जागे असाल तर."

मामा तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पाच मिनिटं टेकीन फक्त." मामी बनियनला इस्त्री करत राहिली. बनियनला इस्त्री करताना मी तिला पहिल्यांदाच पाहिलं.

२८ तारीख, शनिवार, दुपार

हात दुखतोय, पण विसरायच्या आत लिहिते.

सकाळपासून दुकानाच्या काचेबाहेर गर्दी. रखवालदार रात्रपाळी संपवून आले होते, औषधवाला होता, मुख्याध्यापक होते, गादी परत करणारा होता. मामा आले, सगळ्यांना नमस्कार केला, चष्मा काढून ताईच्या हातात दिला, आणि काचेमागे मांडलेल्या गादीवर आडवे झाले. लगेच डोळे मिटले. लगेच! गर्दीतून "अरे वा" झालं.

थोड्या वेळाने सोफावाला आला. कागद काखेत, अंगात नवा शर्ट. "काका!" म्हणाला. मामा निपचित. "काका, शनिवार आज!" काहीच नाही. खांद्यावर हात ठेवून हलवलं, टाळी वाजवली, मोबाईलची घंटी कानाशी वाजवली. मामांच्या चेहऱ्यावरची रेघसुद्धा हलली नाही.

"उठवा ना त्यांना," तो मामीला म्हणाला. "आज शब्द द्यायचं ठरलंय."

मामी म्हणाली, "झोपलेल्याला उठवता येतं हो भाऊ..." आणि वाक्य अर्धंच टाकून चहा ठेवायला वर गेली. तिला अर्धी वाक्यं टाकायची सवयच आहे.

एका गोष्टीचं मला नवल वाटलं. मामांचं घोरणं अजिबात नव्हतं. फरशीला कंप सुटतो म्हणतात आणि आज टाचणी पडली तर ऐकू येईल. मी बाहेरच्या लोकांना ओरडून सांगितलं, "बघा, या गादीवर घोरणंसुद्धा थांबतं!" हे ऐकून तीन बायका एकदम आत शिरल्या.

मग ताईला उसंत मिळेना. दाबून बघा, टेकून बघा, ही पाठीसाठी, ही जरा मऊ. गडबडीत एका बाईला ती म्हणाली, "यात काथ्या आहे." तेवढ्यात मामा कुशीवर वळले आणि झोपेतच पुटपुटले, "कापूस... कापूस." "कापूस," ताई म्हणाली, "चुकले." झोपेतसुद्धा माल पाठ आहे, याला म्हणतात धंदा! रखवालदारांनी टाळ्या वाजवल्या.

सोफावाला उभा राहून दमला. आधी शेजारच्या गादीच्या कडेला टेकला, मग म्हणाला, "मी थांबतो, जागे होईपर्यंत." मग जरा मागे रेलला. त्याच्या दुकानात तो दिवसभर बसतो; आडवं व्हायला तिथे मिळत नसावं. थोड्या वेळाने बघितलं तर कागद छातीवर, तोंड उघडं, गाढ.

तेव्हा मामांनी एक डोळा उघडला, त्याच्याकडे पाहिलं, आणि परत मिटला. झोपेत असं होतं म्हणे काही लोकांचं.

सोफावाल्याची बायको त्याला शोधत आली. ओरडणार होती, पण त्याच्याकडे बघून तिने आवाज खाली आणला. "हा माणूस रात्ररात्र कूस बदलतो," ती ताईला हळूच म्हणाली. "लग्नापासून मी असा झोपलेला पाहिला नाही. ही गादी केवढ्याला?"

"भिंतीसकट हवी की नुसती?" ताईने विचारलं.

"नुसतीच. भिंत राहू दे गं. भिंत असली म्हणजे निदान दुपारी कुठे झोपलाय ते मला कळेल."

तो उठला तेव्हा गादीची पावती झाली होती आणि बायको टेम्पो ठरवत होती. कागद त्याने गुंडाळून खिशात घातले. "काका उठले की सांगा..." म्हणाला, आणि काय सांगायचं ते त्याला सुचलं नाही. मामा त्यानंतर बरेच उशिरा उठले, आळोखेपिळोखे देत. म्हणाले, "अरे, आला होता का तो?"

मी सगळं सविस्तर सांगितलं. फार आश्चर्य वाटलं त्यांना.

३० तारीख, सोमवार

मामांना डॉक्टरांकडे न्यायला हवं, असं मी मामीला म्हटलं. ही झोप बरी नव्हे. काल रविवारी ते सरळ गादीवर झोपले, फरशीवर सतरंजी टाकलीच नाही, आणि आज उठायचं नाव नाही. काल जेवताना ताईला फक्त एवढं म्हणाले, "किल्ली खुंटीला आहे. मला काही उद्या जाग यायची नाही." ताई घास हातात घेऊन बसून राहिली. मामी म्हणाली, "अगं, जेव."

आता मी चहा घेऊन वर गेले तर मामा डोळे मिटून पडलेले, चेहऱ्यावर ऊन.

"उघडलं का तिने?" डोळे न उघडता विचारलं.

"उघडलं."

"शटर नीट वर गेलं?"

"मधेच अडकलं. मग तिने खालून एक लाथ मारली."

"डाव्या बाजूला?"

"डाव्या."

"बरोबर," मामा म्हणाले, आणि कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं.